मडगावचे दोन गोल आणि बबिन्याचा एक प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळी आमच्या मेसच्या टीव्हीसमोर बऱ्यापैकी गर्दी होती. मडगावला फातोर्डा मैदानावर भारत विरुद्ध सिंगापूर, आशिया चषकाची पात्रता फेरी. पाच दिवस आधी सिंगापुरात सामना १-१ असा सुटला होता, तोही रहीम अलीनं अगदी शेवटी केलेल्या गोलामुळे. आता घरचं मैदान, गोव्यासारखं फुटबॉलवेडं गाव. चौदाव्या मिनिटाला छांगतेनं गोल केला आणि आमच्या एका तरुण कॅप्टननं बैऱ्याला सगळ्यांसाठी पकोडे सांगितले.

पकोडे येईपर्यंत बरोबरी झाली होती. मध्यंतरानंतर त्याच खेळाडूनं दुसरा गोल केला आणि भारताचं आशिया चषकाचं स्वप्न तिथेच मिटलं. खेळाडूचं नाव सोंग उई-यंग.

"सर, हा तर कोरियन वाटतो," कॅप्टन म्हणाला.

कोरियनच होता. जन्म इंचॉनचा. विशीच्या आत सिंगापूरला आला, तिथल्या होम युनायटेड क्लबात वाढला आणि २०२१ मध्ये सिंगापूरचा नागरिक झाला. "म्हणजे विकत घेतलेला," असा शेरा मागच्या खुर्चीतून आला. मी काही बोललो नाही. हा वाद मी एकदा घालून बसलो आहे आणि त्यात सपशेल हरलोही आहे. ते झालं बबिन्यात.

ज्यांनी बबिना पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी : झाशीपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर बुंदेलखंडातली ही छावणी, रणगाड्यांच्या सरावाची मोठी रेंज. धूळ, पळस आणि मार्चपासूनच डोकं फिरवणारं ऊन. सिंगापूरकडे रणगाडे चालवायला जागाच नाही. सगळा देश बृहन्मुंबईपेक्षा थोडाच मोठा. म्हणून त्यांचं चिलखती दल आपल्याकडे येऊन सराव करायचं, तसा करारच आहे. तोफखाना नाशिकजवळ देवळालीला, चिलखती दल बबिन्याला. एका वर्षी माझ्याकडे त्यांच्या तुकडीबरोबर लायझनचं काम आलं. त्यांचा एक वॉरंट ऑफिसर होता, मूळचा तमिळ, पन्नाशीकडे झुकलेला, प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'ला' लावणारा. एका रविवारी त्यांना झाशीचा किल्ला दाखवायला नेलं. मी मराठी माणूस, राणीचा विषय निघाला की माझी गाडी थांबत नाही. तो शांतपणे ऐकत होता आणि मग म्हणाला, "सर, हे नाव आमच्याकडे शाळेतली मुलंही ऐकतात. राणी ऑफ झाँसी रेजिमेंट उभी राहिली ती सिंगापुरात, ला." खरंच की. १९४३ मध्ये नेताजींनी ती रेजिमेंट उभी केली ती त्याच्या गावात, माझ्या नव्हे.

सराव संपताना दोन्ही बाजूंचा फुटबॉल सामना ठेवला होता. आमची गोरखा पलटण, त्यामुळे संघ निवडायला काहीच त्रास नव्हता. आमच्या पोरांनी ३-१ नं जिंकला. नंतर चहा घेताना मी जरा चढ्या आवाजात त्याला म्हणालो की तुमची लीग म्हणजे परदेशी खेळाडूंचा बाजार, गोल करणारे सगळे बाहेरचे. त्यानं कप खाली ठेवला आणि विचारलं, "सर, आज तुमच्या अकरांत परदेशी किती होते?"

मी मोजले. सहा. सहाही पोरं नेपाळची नागरिक, भारतीय सैन्याच्या गणवेशात.

त्या दिवसापासून मी सिंगापूरच्या लीगचा इतिहास गोळा करत आलो. जे हाती लागलं ते सांगतो.

सिंगापूर १९६५ मध्ये मलेशियातून बाहेर पडलं तरी फुटबॉलमध्ये ते दोन देश वेगळे झाले नव्हते. मलेशिया कप ही त्यांची मोठी स्पर्धा, आणि सिंगापूरचा संघ तिथे एखाद्या राज्यासारखा खेळायचा. कलांगच्या नॅशनल स्टेडियममधल्या गर्जनेला 'कलांग रोअर' असं नावच पडलं होतं. त्या काळचा नायक फांदी अहमद. हा माणूस १९८२ मध्ये इंडोनेशियाच्या निआक मित्रा क्लबाकडून खेळला आणि नंतर हॉलंडच्या ग्रोनिंगनकडून. म्हणजे सिंगापूरचा सर्वात लाडका खेळाडू स्वतःच दुसऱ्यांच्या लीगमधला परदेशी खेळाडू होता, हे तिथल्या वादात लोक सोयीस्करपणे विसरतात.

१७ डिसेंबर १९९४. मलेशिया कपचा अंतिम सामना, पहांगवर ४-० विजय. तीन गोल अब्बास साद या ऑस्ट्रेलियन खेळाडूचे. देश रस्त्यावर आला. आणि काही महिन्यांत सगळं विस्कटलं. सामने ठरवून हरण्या-जिंकण्याच्या चौकशीत अब्बास सादला न्यायालयानं दोषी ठरवलं, त्याच्यावर बंदी आली. मिखाल वाना हा झेक खेळाडू जामिनावर असताना पळून गेला. तिकडे मलेशियाच्या संघटनेशी गेटच्या पैशांवरून बिनसलं आणि सिंगापूरनं १९९४ च्या मोसमानंतर ती स्पर्धा सोडली.

आता घरचीच लीग हवी होती. १९९६ मध्ये एस-लीग सुरू झाली, आठ क्लब. त्यातले दोन माझ्यासारख्याला लगेच ओळखीचे वाटतील असे : एक सैन्याचा, सिंगापूर आर्म्ड फोर्सेस एफसी, आणि दुसरा गृहखात्याचा म्हणजे पोलिसांचा, होम युनायटेड. आपल्याकडे सर्व्हिसेस, आर्मी इलेव्हन, ड्युरंड जिंकलेली गोरखा ब्रिगेड हे संघ आहेतच. पण ते जवानांचे. तिथे सैन्याच्या नावाचा क्लब व्यावसायिक लीगमध्ये उतरला आणि त्यानं बाहेरून पगारी खेळाडू आणले. १९९७ आणि १९९८ ची विजेतेपदं त्याचीच. पुढे त्याचं नाव वॉरियर्स झालं, एकूण नऊ वेळा लीग जिंकली, आणि २०२० पासून तो क्लब लीगमध्ये नाही.

परदेशी खेळाडू का लागले, हे समजून घ्यायला फुटबॉलपेक्षा सैन्यभरती पाहावी लागते. १९६७ मध्ये सिंगापूरनं सक्तीची लष्करी सेवा आणली. मुलगा अठराचा झाला की गणवेश चढवायचा. पूर्वी अडीच वर्षांपर्यंत, आता दोन वर्षं. अठरा ते वीस हेच खेळाडू घडण्याचं वय. युरोपचे क्लब त्याच वयाची मुलं हेरतात. त्याच वयात सिंगापूरचा पोरगा पहाटे खंदक खणत असतो. नागरिकांची संख्याच पस्तीस-छत्तीस लाख, त्यातली निम्मी पुरुष, त्यातले खेळणारे किती, आणि आईबापांचं लक्ष अभ्यासाकडे. अशा विहिरीतून दर मोसमाला आठ-दहा संघांना पुरतील इतके चांगले स्ट्रायकर निघणं अवघड. मग बचावफळीच्या मध्यभागी एक परदेशी, पुढे एक-दोन परदेशी, मधली जागा घरच्या मुलांना, असा साचा पडला. आपल्याकडे गोव्यात रँटी मार्टिन्स आणि ओडाफा ओकोली गोलांचा पाऊस पाडत होते तेव्हा हाच प्रश्न होता : भारतीय स्ट्रायकरनं शिकायचं तरी कुठे? फरक इतकाच की आपली विहीर उथळ नाही, आपण पोहरा नीट सोडत नाही.

पण पहिल्या वर्षांत जे परदेशी आले ते काही ऐरेगैरे नव्हते. गेलांग युनायटेडनं पहिलंच विजेतेपद जिंकलं ते मोहम्मद खाकपूर आणि हमीद रझा एस्तिली या दोन इराणी खेळाडूंच्या बळावर. जून १९९८ मध्ये ल्योनला विश्वचषकात इराणनं अमेरिकेला २-१ हरवलं, त्यातला पहिला गोल, ते हेडर आणि रडत धावणारा खेळाडू आठवतो? तोच एस्तिली. त्याआधी तो सिंगापूरच्या छोट्या मैदानांवर खेळून गेला होता. आम्ही त्या वेळी खडकवासल्याला कॅडेट होतो. ड्रिल स्क्वेअरवर जे शिकलो त्याचा काही भाग विसरलो असेन, तो गोल नाही.

अशा माणसांच्या अंगाला अंग घासून स्थानिक पोरं कणखर झाली, असं माझं मत आहे. १९९८ चा टायगर कप सिंगापूरनं जिंकला तो हनोईत, व्हिएतनामला त्यांच्याच घरी १-० हरवून. गोल आर. शशीकुमारचा, चेंडू त्याच्या खांद्याला लागून आत गेला. तिथे आजही तो गोल हसत सांगतात. त्या संघात नागरिकत्व देऊन आणलेला कोणी नव्हता. परदेशी लीगमध्ये होते, राष्ट्रीय संघात नव्हते. ही व्यवस्था आणखी दहा वर्षं चालू दिली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मी त्या वॉरंट ऑफिसरला विचारला होता. तो म्हणाला, "आम्हाला थांबायची सवय नाही, ला."

त्याच १९९८ मध्ये पंतप्रधान गोह चोक तोंग यांनी २०१० च्या विश्वचषकाला पात्र होण्याचं ध्येय जाहीर केलं. 'गोल २०१०'. फ्रान्सनं नुकताच विश्वचषक जिंकला होता, आणि त्या संघात किती मुळांचे खेळाडू होते ते सगळ्या जगानं पाहिलं होतं. परदेशी गुणी खेळाडूंना नागरिकत्व देण्याची योजना सिंगापुरात इतर खेळांसाठी होतीच. ती आता फुटबॉलमध्ये आली. ब्राझीलचा एगमार गोंसाल्वेस, क्रोएशियाचा मिर्को ग्राबोवाच, दोघेही लीगमध्ये गोलांचे ढीग लावणारे, सिंगापूरचे नागरिक होऊन संघात आले. २००२ मध्ये त्याचा काही फायदा झाला नाही. पण रादोय्को अव्रामोविच हा सर्बियन प्रशिक्षक आल्यावर घडी बसली. २००४ चा टायगर कप (अंतिम सामने जानेवारी २००५ मध्ये झाले) इंडोनेशियाला दोन सामन्यांत मिळून ५-२ हरवून जिंकला. संघात नायजेरियात जन्मलेले आगू कॅझमिर आणि इटिमी डिक्सन होते, इंग्लंडमध्ये जन्मलेला पण लहानपणापासून सिंगापुरात वाढलेला डॅनियल बेनेट होता. २००७ मध्ये पुन्हा, २०१२ मध्ये पुन्हा. २०१० च्या विश्वचषकाला मात्र ते पोहोचले नाहीत.

ग्राबोवाचनं पुढे सिंगापूरचं नागरिकत्व सोडून दिलं. 'विकत घेतलेला' म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. तिथल्या लोकांना ते लागलं, आणि लागायलाच हवं. पासपोर्ट ही जर्सी नव्हे.

आणि मग अलेक्सांदर ज्युरिच. याच्याबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे, कारण तो सैन्याच्या क्लबाचा माणूस.

जन्म १९७०, बोस्नियातलं दोबोय. मुळात फुटबॉलबरोबर होडी वल्हवणारा. युगोस्लाव्हिया फुटला, युद्ध पेटलं, त्यानं घर सोडलं. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये बोस्नियाचा संघ पहिल्यांदाच उतरला, आणि ज्युरिच त्यात कनूइंगचा स्पर्धक होता. त्याच्या मागे युद्धात त्याची आई मारली गेली. पुढे ऑस्ट्रेलियात फुटबॉल, आणि १९९९ मध्ये सिंगापूर. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा, म्हणजे स्ट्रायकर ज्या वयात उताराला लागतो त्या वयाचा. एका क्लबातून दुसऱ्या क्लबात करत तो सैन्याच्या संघात आला आणि त्या संघानं २००६ ते २००९ सलग चार वेळा लीग जिंकली. २००७ मध्ये नागरिकत्व मिळालं. त्या नोव्हेंबरमध्ये, सदतिसाव्या वर्षी, तो सिंगापूरकडून पहिला सामना खेळला, ताजिकिस्तानविरुद्ध. सिंगापूर २-०, दोन्ही गोल त्याचे. बेचाळिसाव्या वर्षी तो २०१२ च्या विजेत्या संघात होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी थांबला, तेव्हा सिंगापुरात त्याचे तीनशेच्या वर गोल झाले होते.

हा माणूस खेळ संपल्यावर परत गेला नाही. तिथेच राहिला, मुलांना शिकवत राहिला. माझ्या त्या वॉरंट ऑफिसरनं त्याला सैन्याच्या क्लबात असताना पाहिलं होतं. सरावाला सर्वांत आधी यायचा, म्हणाला, आणि आमच्या एनएसच्या पोरांना ओरडायचा ते एखाद्या सार्जंटसारखं. मला विचाराल तर याच्या पात्रतेवर शंका घेणाऱ्यानं आधी चाळिशीत आमच्याबरोबर बीपीईटी पळून दाखवावी.

तोवर फिफाचंही लक्ष गेलं होतं. पासपोर्ट वाटून संघ उभे करण्याचे प्रकार इतर देशांतही सुरू झाले, तेव्हा २००४ मध्ये फिफानं दोन वर्षं वास्तव्याची अट घातली आणि २००८ मध्ये ती पाच वर्षांवर नेली. म्हणून सोंग उई-यंगसारख्यांना वाट पाहावी लागते. तो आला पोरगा म्हणून आणि संघात गेला तो चांगला मुरलेला.

लीगमध्ये मात्र आणखी एक प्रयोग झाला, जो मला अजूनही चमत्कारिक वाटतो. नुसते खेळाडू नाहीत, अख्खे क्लबच बाहेरून आणले. २००३ मध्ये चिनी खेळाडूंचा सिंची, २००४ मध्ये जपानच्या अल्बिरेक्स निगाताची शाखा, २००६ मध्ये आफ्रिकन खेळाडूंचा स्पोर्टिंग आफ्रिक, मग लिआओनिंगचा चिनी संघ, कोरियनांचा सुपर रेड्स, ब्रुनेईचा डीपीएमएम. २०१० मध्ये फ्रेंच खेळाडूंचा एत्वाल आला आणि पहिल्याच मोसमात लीग जिंकून गेला. म्हणजे सिंगापूरचा विजेता संघ, आणि त्यात सिंगापूरचे खेळाडू औषधालाच. बहुतेक संघ दोन-तीन वर्षांत नाहीसे झाले, काही वाईट नाव ठेवून. लिआओनिंगच्या खेळाडूंना सामने विकल्याबद्दल शिक्षाही झाल्या. अल्बिरेक्स तेवढे टिकले. शिस्तीचे, तरुण जपानी खेळाडू, वर्ष-दोन वर्षं खेळून पुढे जाणारे. २०१६ मध्ये त्यांनी वर्षातल्या चारही ट्रॉफ्या नेल्या, २०१८ ची लीग एकही सामना न हरता जिंकली.

प्रेक्षक मात्र गळत गेले. दोष परदेशी क्लबांवर ढकलणं सोपं आहे, पण टीव्हीवर इंग्लंडची लीग रोज दिसायला लागल्यावर कोलकात्यापासून कलांगपर्यंत हेच झालं. तरी एक गोष्ट खरी. माणूस मैदानावर जातो तो आपल्या गल्लीतल्या पोराला बघायला. गल्लीतलं पोर बाकावर बसलं तर तो घरी बसतो.

अल्बिरेक्सचं एक टोक आपल्याकडेही येतं, ते पुण्याच्या वाचकांना ठाऊक असेल. इझुमी अराता २००५ मध्ये अल्बिरेक्सच्या सिंगापूर संघातून खेळला, मग भारतात ईस्ट बंगाल, महिंद्रा युनायटेड आणि पुणे एफसी. वडील भारतीय, आई जपानी. भारताकडून खेळायचं तर आपल्या नियमाप्रमाणे दुहेरी नागरिकत्व चालत नाही, म्हणून त्यानं जपानचा पासपोर्ट सोडला. आपण त्याला नऊ सामने दिले. त्याला कोणी 'विकत घेतलेला' म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता त्या प्रश्नाकडे येतो ज्यामुळे बबिन्यात माझा आवाज खाली आला.

सिंगापूरनं आपलं सैन्यही असंच उभं केलं. स्वतंत्र होताच ली कुआन यू यांनी पलटणी उभ्या करायला मदत मागितली, ती आपल्याच शास्त्रीजींकडे आणि इजिप्तच्या नासेरकडे. आपण शुभेच्छा दिल्या. मग इस्रायली आले, आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून त्यांना 'मेक्सिकन' म्हणत. प्रशिक्षक बाहेरचे चालले. शिपाई मात्र प्रत्येक घरातलाच, ही अट त्यांनी कधी सैल केली नाही. २०१८ मध्ये बेन डेव्हिस या किशोर खेळाडूला इंग्लंडच्या फुलहॅम क्लबानं करार देऊ केला. त्यानं लष्करी सेवा पुढे ढकलण्याची विनंती केली. संरक्षण मंत्रालयानं नाकारली. त्याआधीच्या पंधरा वर्षांत अशी सवलत फक्त तीन खेळाडूंना मिळाली होती. पोरगा इंग्लंडला गेला आणि पुढे आईच्या देशाकडून, थायलंडकडून खेळला. प्रौढ वयात नागरिक झालेल्या परदेशी खेळाडूला हे बंधन सहसा नसतं. म्हणजे घरच्या मुलानं दोन वर्षं द्यायची आणि बाहेरच्यानं गोल. यावर तिथे खूप वाद झाला. एक सैनिक म्हणून मी मंत्रालयाच्या बाजूचा आहे. एका आडदांड फुटबॉलवेड्या मुलाचा बाप म्हणून तितकासा नाही.

पण त्या शहरात परदेशी शिपाईसुद्धा आहेत, आणि त्यांची गोष्ट उलटी आहे. १९४९ पासून सिंगापूर पोलिसांत गोरखा कंटिंजंट आहे. नेपाळच्या डोंगरातली पोरं, पंतप्रधानांच्या घरापासून मोठ्या बैठकांपर्यंत पहारा त्यांचा. तिथल्या जातीय तणावात ते कोणाचेच नाहीत म्हणून सगळ्यांना चालतात. पंचेचाळिशीच्या आसपास निवृत्ती, आणि मग कुटुंबकबिल्यासह नेपाळला परत. मुलं तिथेच जन्मलेली, तिथल्या शाळेत शिकलेली, तरी परत. गोल करणाऱ्याला पासपोर्ट. पंचवीस वर्षं पहारा देणाऱ्याला विमानाचं तिकीट.

हे वॉरंट ऑफिसरला बोलून दाखवलं तेव्हा त्यानं मान हलवली. वाद घातला नाही. आपणही फार वेगळे नाही, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं. १९४७ मध्ये दहा गोरखा रेजिमेंटांपैकी सहा आपल्याकडे राहिल्या, चार ब्रिटिशांकडे गेल्या. नेपाळचा नागरिक आपल्या गणवेशात लढतो, मरतो, पेन्शन पोखऱ्याच्या बँकेत घेतो. २०२२ पासून तिथली भरती थांबली आहे. माझ्या पलटणीत वीस वर्षांपूर्वी जी नावं हजेरीत सलग यायची ती आता तुटक येतात.

आमच्या पलटणीचे एक सुभेदार साहेब, आता निवृत्त, पोखऱ्याला असतात. त्यांचे थोरले भाऊ सिंगापूरच्या कंटिंजंटमध्ये होते. कंटिंजंटची वसाहत माउंट व्हर्ननला, आणि होम युनायटेडचं मैदान बिशानला, फार लांब नाही. पोलिसांचा क्लब म्हणून हे लोक सुट्टीच्या दिवशी बायकापोरांना घेऊन तिथे जायचे. परत येऊन किती वर्षं झाली, तो क्लबही २०२० मध्ये दुसऱ्या नावानं खासगी हातात गेला, तरी दाजूंचं लक्ष तिकडे.

मडगावचा सामना संपल्यावर तासाभरानं सुभेदार साहेबांचा फोन आला. आधी माझ्या घरच्यांची चौकशी, मग गुडघ्यांची, त्यांच्या आणि माझ्या. मग हळूच म्हणाले, "साहेब, भारत हरला, वाईट वाटलं. पण दाजू इथे घरभर नाचताहेत."

मी विचारलं, का?

"म्हणतात, दोन्ही गोल आपल्या होम युनायटेडच्या पोरानं केले."